खलिता कोणाच्या नावे?

एखाद्या राज्यात फौज उठते, कालचा कारभारी रातोरात परागंदा होतो आणि सकाळी मसनदीवर नवा माणूस बसलेला दिसतो. त्या सकाळी शेजारच्या सत्तेच्या वकिलापुढे एक साधा दिसणारा, परंतु फार अवघड प्रश्न उभा राहतो. आता पत्र लिहावयाचे ते कोणाच्या नावे? १९१३ साली मेक्सिकोत सेनापती हुएर्ता याने सत्ता बळकावली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी त्याच्या सरकारास मान्यता देण्याचे साफ नाकारले. पुढे १९३० साली त्याच मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एस्त्रादा यांनी उलट भूमिका घेतली. परक्याच्या घरात कोणाचे राज्य न्याय्य आहे याचा निवाडा आपण करू नये. आपला वकील तेथे ठेवावा किंवा परत बोलवावा, एवढाच आपला अधिकार, असे त्यांचे म्हणणे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत हे दोन पंथ समोरासमोर मांडलेले आढळतात. ग्वाल्हेरच्या प्रजेने मात्र या दोहोंचा अनुभव त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी घेतला होता. तोही दहा वर्षांच्या अंतराने, आणि एकाच सरकारकडून.

ग्वाल्हेर शहराच्या ज्या भागास लष्कर म्हणतात, तो मुळात दौलतराव शिंदे यांच्या छावणीचा तळ. १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडलेले ते तंबू पुन्हा उठले नाहीत. तंबूंची घरे झाली, घरांच्या पेठा झाल्या आणि छावणीचे नाव शहराला चिकटले. कवायती पलटणींच्या तळाला त्या काळी कंपू म्हणत. त्या नावाची वस्तीही तेथे आहे. शहराचा जन्मच फौजेच्या पोटी झालेला, तेव्हा तेथील राजकारणात फौजेचा शब्द जड असावा यात नवल नव्हते. या फौजेचा पगार वेळेवर होत नसे, आणि पगार थकला की पलटणी कारभाऱ्याच्या दारी धरणे देऊन बसत, हे सांगितले म्हणजे पुढील हकिकतीचा निम्मा उलगडा होतो.

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाई या कागलच्या सर्जेराव घाटगे यांच्या कन्या. बाई मोठ्या करारी, घोड्यावर बसणाऱ्या आणि हिशेबाला पक्क्या. सावकारीचा व्यवहारही त्यांच्या पेढ्यांतून चाले. त्यांनी शिंद्यांच्या भाऊबंदांतील अकरा वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजीराव ठेवले आणि कारभार स्वतः पाहू लागल्या. मूल वाढले, मिसरूड फुटू लागली, तरी बाई अधिकार सोडीनात. आपण हयात असेतो राज्य आपले, अशी त्यांची समजूत होती; गादी आपली तर राज्यही आपलेच, अशी जनकोजीरावांची. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक स्वतः ग्वाल्हेरीस आला. त्याने एक काही निकाल द्यावा अशी दोन्ही पक्षांची अपेक्षा होती. निकाल त्याने दिला नाही. घरचे भांडण घरात मिटवा, एवढाच त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. फौजेने त्यातून आपल्यापुरता अर्थ काढला, की जे करावयाचे ते आता आपणच करावयाचे आहे.

जुलै १८३३ मध्ये पलटणी जनकोजीरावांच्या बाजूने उठल्या आणि त्यांनी वाड्याला वेढा घातला. सहा वर्षे ज्यांच्या शिक्क्याने राज्य चालले, त्या बायजाबाईंना वाडा सोडून अखेर इंग्रज रेसिडेंटाचा आसरा घ्यावा लागला. त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे हेही पुढे ग्वाल्हेर सोडून दिल्लीस जाऊन राहिले. दिल्लीच्या टेकडीवरील हिंदुराव रुग्णालयास त्यांचेच नाव आहे, हे तेथे औषधाला जाणाऱ्यांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. बाईंची अपेक्षा अशी, की ज्या कंपनी सरकारने इतकी वर्षे आपल्या नावे खलिते पाठविले, ते आपणास पुन्हा वाड्यात नेऊन बसवील. रेसिडेंट कॅव्हेंडिश याने त्यांना सुखरूप राज्याबाहेर पडू दिले, परंतु त्यापलीकडे त्याने काही केले नाही. बाई धोलपूर, आग्रा करीत फत्तेगडाकडे गेल्या आणि ग्वाल्हेरीस जनकोजीरावांचा अंमल सुरू झाला. कंपनीने तो मान्य केला.

मान्य केला म्हणजे काय केले, हे समजण्यास त्या काळचा शिरस्ता ध्यानात घेतला पाहिजे. आजच्याप्रमाणे मान्यतेचे जाहीर निवेदन निघत नसे. गव्हर्नर जनरलाचे पत्र किनखापाच्या थैलीत, मोहोर लावून येई. त्यास खलिता म्हणत. त्यावरील किताब कोणाचे आहेत, तो कोणाच्या हाती दिला गेला, रेसिडेंट दरबारास कोणाच्या समोर बसला, वस्त्रे व नजराणा कोणी कोणास दिला, यांतच मान्यता सामावलेली असे. थैली ज्याच्या हाती पडली तो धनी. म्हणून गादीवर बसलेल्या माणसाचे लक्ष जितके वाड्याच्या फाटकाकडे, तितकेच रेसिडेन्सीच्या रस्त्याकडे लागलेले असे.

१८३३ साली खलिता इतक्या सहजपणे नव्या हाती का गेला? बेंटिंकचा कारभार काटकसरीचा होता. लढाया नकोत, खर्च नको, हे त्याचे धोरण. उत्तरेस रणजितसिंग खंबीर होता आणि १८३१ साली रोपड येथे बेंटिंक व रणजितसिंग यांची थाटाची भेट झालेली होती. अशा स्वस्थतेच्या काळात ग्वाल्हेरच्या गादीवर आई असली काय आणि दत्तक पुत्र असला काय, कलकत्त्याचे काही अडत नव्हते. तटस्थतेला तत्त्वाचे रूप दिले गेले, परंतु ते तत्त्व सोयीच्या जमिनीत रुजलेले होते. ती तटस्थताही निर्लोभी नव्हती, असे सांगणारा एक साक्षीदार आहे. ग्वाल्हेर दरबारचा इंग्रज डॉक्टर जॉन होप याने १८६३ साली छापलेल्या शिंदे घराण्यावरील पुस्तकात एक गोष्ट दिली आहे. या अस्वस्थ तरुण महाराजास पेन्शन देऊन त्याचे राज्य घेता येईल काय, अशी खाजगी विचारणा वरिष्ठांकडून कॅव्हेंडिशकडे झाली. त्याने ती मनावर घेतली नाही, तेव्हा आग्रा आणि मुंबई इलाखा जोडण्याची संधी आपण दवडली, असा ठपका त्याच्यावर आला. ही साक्ष एकट्याची आहे आणि तीस वर्षांनंतरची आहे. तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु तीत बसणारी वृत्ती त्या काळास परकी मुळीच नव्हती.

जनकोजीरावांची कारकीर्द दुबळी झाली. ज्या फौजेने त्यांना बसविले, तिला आवर घालण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. आणि आपण धनी बदलू शकतो व बदललेल्या धन्याला कंपनी मान्यता देते, हा धडा पलटणींना मिळालेला होता. अशा स्थितीत ७ फेब्रुवारी १८४३ रोजी जनकोजीराव वारले, तेही निपुत्रिकच. त्यांच्या पत्नी ताराबाई जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. त्यांच्या मांडीवर आठ वर्षांचा भगीरथराव दत्तक देण्यात आला आणि त्याचे नाव जयाजीराव ठेवण्यात आले. बारा वर्षांची आई, आठ वर्षांचा मुलगा आणि सुमारे तीस हजारांची कवायती फौज! दत्तविधान शास्त्रोक्त झाले, परंतु हुकूम कोणाचा चालणार हे शास्त्र सांगत नव्हते.

दोन माणसे पुढे आली. एक कृष्णराव कदम, जनकोजीरावांचे मामा. सारे त्यांना मामासाहेब म्हणत. दुसरा वाड्याच्या खासगीचा कारभारी, दादा खासगीवाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याची पसंती मामासाहेबांना, आणि त्याप्रमाणे तेच कारभारी झाले. परंतु फौजेत आणि जनानखान्यात वजन दादाचे. मामासाहेबांनी आपल्या पुतणीचे बालमहाराजांशी लग्न लावून आपला पाया बळकट करू पाहिला, आणि नेमका तोच पाया उखडला गेला. १८४३ च्या उन्हाळ्यात ताराबाईंच्या हुकमाने त्यांना दूर करण्यात आले, दादा कारभारी झाला आणि पलटणी त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग ज्यांच्या स्मरणात होता, त्यांना वाटले असेल की आता रेसिडेंट चार दिवस घुटमळेल आणि मग दरबारास येईल. या वेळी रेसिडेंट कर्नल स्पायर्स याने आपले बिऱ्हाड आवरले, चंबळ ओलांडली आणि तो धोलपुरास जाऊन राहिला. युद्ध पुकारलेले नाही, तह मोडलेला नाही, परंतु दरबारची खुर्ची रिकामी. वकील परत बोलावणे हे शस्त्र किती धारदार असते, याचा प्रत्यय ग्वाल्हेरीस तेव्हा आला. दरबारातून धोलपुरास विनवण्या जाऊ लागल्या की रेसिडेंटाने परत यावे. उत्तर एकच येई: आधी दादा खासगीवाल्यास स्वाधीन करा. याच काळात दादावर असा आरोप ठेवण्यात आला, की ताराबाईंच्या नावे आलेला खलिता त्याने मध्येच अडवून स्वतःजवळ ठेवला. दुसऱ्याची टपाल अडविणे ही एरवी फौजदाराने पाहावयाची बाब. येथे तो थेट ब्रिटिश सत्तेचा अपमान मानला गेला. धनी कोण, हा सारा वाद त्या एका थैलीत येऊन बसला होता. खलिता बाईंच्या नावे काढून कंपनीने दादाचे सरकार अस्तित्वातच नाही असे दाखविले, आणि तो अडवून दादाने आपण आहोत असे दाखविले.

फरक पडला होता तो ग्वाल्हेरीत नव्हे, ग्वाल्हेरच्या बाहेर. रणजितसिंग १८३९ साली वारला होता. १८४२ च्या आरंभी काबूलहून परतणारी इंग्रज फौज वाटेतच कापली गेली होती आणि कंपनीच्या अजिंक्यपणाचा लौकिक डागाळला होता. तो धुवून काढण्यासाठी म्हणा की अन्य हेतूने म्हणा, १८४३ साली सिंध गिळंकृत झाला. मग १५ सप्टेंबर १८४३ रोजी लाहोरास महाराजा शेरसिंगाचा खून पडला आणि तेथेही खालसा फौज राज्याची धनी बनली. सतलजेपलीकडे एक बेबंद फौज, आणि आग्र्यापासून थोड्या मजलांवर दुसरी. या दोघींनी हातमिळवणी केली तर काय, हे भय एलेनबरोच्या १ नोव्हेंबर १८४३ च्या टिपणात स्पष्ट उतरले आहे. त्याला दादा खासगीवाला नको होता हे खरेच. परंतु त्याहूनही त्याला ती तीस हजारांची फौज नको होती.

कारण सापडले तरी आधार हवा असतो. तो १८०४ च्या बुऱ्हाणपूरच्या तहात शोधण्यात आला. शिंद्यांनी मागणी केल्यास कंपनीने फौजेची मदत द्यावी, असे कलम त्यात होते. त्यानंतर १८०५ आणि १८१७ असे दोन तह होऊन गेले होते आणि चाळीस वर्षे त्या कलमाची कोणाला आठवण झाली नव्हती. शिवाय मागणी कोणी केली? महाराज आठ वर्षांचे. एलेनबरोचा युक्तिवाद असा, की बालक स्वतः मागू शकत नाही, म्हणून त्याच्या हितासाठी मागणी झालीच आहे असे समजावयाचे! वकिली कसबाचा हा मासला संग्रही ठेवण्याजोगा आहे.

डिसेंबरात एलेनबरो आग्र्यास आला. दरबाराने धीर सोडला आणि दादाला इंग्रजांच्या हवाली केले. महिनोन्‌महिने जी एकमेव अट सांगितली जात होती, ती पुरी झाली. प्रकरण येथे मिटावयास हवे होते; परंतु फौज चंबळ उतरून पुढे आलीच. आता अट होती की सैन्य कमी करा. महाराज व ताराबाई यांनी २६ डिसेंबरच्या सुमारास हिंगोण्याच्या इंग्रज तळावर येऊन गव्हर्नर जनरलाची भेट घ्यावी, असे ठरविण्यात आले. दरबाराचे म्हणणे होते की आजवर शिंद्यांनी सरहद्दीवर सामोरे जाऊन भेट घेतली आहे. भेटीआधी परकी फौज आपल्या मुलुखात शिरली तर महाराजांची अब्रू गेली. मुक्काम कोठे पडावा हा वाद पोकळ मानापमानाचा वाटेल, परंतु तसा तो नव्हता. नदीच्या अलीकडे भेट झाली तर ती दोन दरबारांची भेट. पलीकडे झाली तर शरणागती. पलटणींना हे शिकविण्याची गरज नव्हती. त्यांनी महाराजांना जाऊ दिले नाही.

२९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. महाराजपूर येथे सर ह्यू गफ आणि ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येस पनियार येथे मेजर जनरल ग्रे, असे दोन्ही बाजूंनी इंग्रज चालून आले. गफला वाटले होते त्याहून शत्रू पुढे सरकलेला निघाला. स्वतः एलेनबरो रणांगणावर हजर होता. सेनापतीच्या पत्नीसह इंग्रज स्त्रिया हत्तींवर बसून आल्या होत्या. सहल समजून निघालेली ही मंडळी तोफांच्या माऱ्यात सापडली. ग्वाल्हेरचे गोलंदाज तोफांशेजारीच कापले गेले, पण हटले नाहीत. महाराजपुरास इंग्रजांकडील सुमारे आठशे माणसे ठार वा जखमी झाली. ज्या फौजेला बेशिस्त टोळी म्हणून हिणविले गेले, ती अशी लढली. तिला पगार देणारा कोणी होता, पण लढाईत तिला चालविणारा सेनापती नव्हता.

१३ जानेवारी १८४४ रोजी तह झाला. शिंद्यांच्या फौजेवर नऊ हजारांची मर्यादा आली आणि त्यात पायदळ तीन हजारांहून अधिक नसावे असे ठरले. २६ लाख रुपये दंड. ताराबाईंना सालिना तीन लाखांची नेमणूक आणि राजकारणातून निवृत्ती. महाराज १९ जानेवारी १८५३ रोजी वयात येईपर्यंत रामराव फाळके यांच्या प्रमुखत्वाखाली कारभारी मंडळ, आणि त्या मंडळाने रेसिडेंटाच्या सल्ल्याने चालावे असे बंधन. रेसिडेंट परत आला तो सल्ला मानला जाईल याची लेखी हमी घेऊनच. जिंकलेल्या तोफा वितळवून विजेत्यांची पदके पाडण्यात आली आणि कलकत्त्यास हुगळीकाठी एक स्मारक उभारण्यात आले. खुद्द एलेनबरोला त्याच वर्षी, १८४४ साली, कंपनीच्या संचालकांनी परत बोलाविले. संचालकांचा त्याच्यावरील विश्वास उडाला होता. ग्वाल्हेरशी झालेला तह मात्र कोणी परत घेतला नाही.

त्या तहातील एक कलम आणखी लक्षात ठेवले पाहिजे. शिंद्यांची फौज घटविली, तशी इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालील ग्वाल्हेर कंटिंजंट वाढविण्यात आली आणि तिच्या खर्चासाठी अठरा लाखांचा मुलूख तोडून घेण्यात आला. ग्वाल्हेरीत फौज असावी, पण ती धनी बदलणारी नसावी, हा हेतू. १४ जून १८५७ रोजी मुरारच्या छावणीत ही कंटिंजंटच उठली, आणि नोव्हेंबरात तात्या टोपे तिला घेऊन कानपुरावर चालून गेले.

आणि मग ग्वाल्हेरीस तिसरा प्रसंग आला. काल्पी पडल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई मुरारजवळ येऊन ठेपल्या. १ जून १८५८ रोजी जयाजीराव लढावयास बाहेर पडले आणि त्यांची स्वतःची फौज उभीच्या उभी समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे यांना आग्रा गाठावा लागला. ३ जूनला दरबार भरला. नानासाहेबांना पेशवे जाहीर करून रावसाहेबांनी त्यांच्या वतीने मानाची वस्त्रे घेतली आणि शिपायांना शिंद्यांच्या खजिन्यातून पगार वाटले गेले. खजिना खुला केल्याबद्दल खजिनदार अमरचंद बांठिया यांना पुढे लष्करच्या सराफ्यात फासावर लटकविण्यात आले.

दरबारात वेळ दवडल्याबद्दल इतिहासकारांनी रावसाहेबांना दोष दिला आहे, आणि युद्धदृष्ट्या तो रास्तही आहे. तथापि त्यांची अडचण निव्वळ हौसेची नव्हती. शिंद्यांचे शहर शिंद्यांवाचून ताब्यात आले होते. पेशव्यांचे नाव मोठे खरे, परंतु ग्वाल्हेरच्या पेढ्या, मानकरी आणि जहागीरदार यांना ओळखीचा हात हवा होता. कलकत्त्याचा खलिता येणे शक्यच नव्हते. तो आग्र्यास जयाजीरावांच्या नावे जात राहिला आणि राज्यातून हुसकलेले महाराज इंग्रजांच्या लेखी महाराजच राहिले. तेव्हा मान्यता मागावयाची ती घरातूनच. रावसाहेबांनी ती मागितली बायजाबाईंकडे.

पंचवीस वर्षांपूर्वी याच वाड्यातून फौजेने बाहेर काढलेल्या बायजाबाई आता वृद्ध झाल्या होत्या. परगावी दिवस काढून त्या पुन्हा ग्वाल्हेरीस परतल्या होत्या आणि जून १८५८ मध्ये राजस्त्रियांना घेऊन नरवरास निघून गेल्या होत्या. रावसाहेबांनी त्यांना पत्र लिहिले: येथे सर्व कुशल आहे, आपण निघून गेलात हे ठीक झाले नाही, आपण येऊन आपल्या राज्याचा कारभार हाती घ्यावा, आम्हास पुढे जावयाचे आहे. आधीच्या पत्रास उत्तर आले नाही, अशी तक्रारही त्यात होती. बाई आल्या नाहीत. फौजेने रिकामी केलेली मसनद म्हणजे काय, आणि ती रिकामी राहिल्यावर कोण कोणास विचारतो, हे त्यांच्याइतके ग्वाल्हेरीत दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. ते पत्र पुढे सर रॉबर्ट हॅमिल्टन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेले.

१६ जूनला सर ह्यू रोझ याने मुरार घेतले. कोटा की सरायच्या लढाईत राणी लक्ष्मीबाई पडल्या. १९ जूनला लष्कर गेले आणि २० तारखेस जयाजीराव आपल्या वाड्यात परतले. मॅकफर्सन हा पोलिटिकल एजंट त्यांच्याबरोबर होता. निष्ठेचे बक्षीस म्हणून तीन लाखांचा मुलूख आणि पायदळात दोन हजारांची वाढ मिळाली. किल्ला मात्र मिळाला नाही. बायजाबाई १८६३ साली वारल्या, तेव्हा त्यांच्या शहरावर उभ्या असलेल्या त्या किल्ल्यात इंग्रजांची शिबंदी होती. तो परत मिळण्यास १८८६ साल उजाडले आणि त्याच वर्षी जून महिन्यात जयाजीरावांचा अंत झाला.